तुटलेली दांडी आणि ‘सुमारे’ बारा सेकंद

ऑर्व्हिल राइटच्या रोजनिशीत १७ डिसेंबर १९०३ या तारखेची नोंद बरीच लांब आहे. उत्तरेकडून येणारा ताशी वीस-पंचवीस मैलांचा वारा, मदतीला आलेली माणसे, रुळावर ठेवलेले यंत्र, १० वाजून ३५ मिनिटांनी झालेले पहिले उड्डाण. ते कसे संपले हे सांगून झाल्यावर ऑर्व्हिल दोन-तीन वाक्यांत हिशेब मिटवतो. वेळ सुमारे बारा सेकंद; घड्याळ वेळच्या वेळी थांबवले गेले नाही म्हणून नेमकी ठाऊक नाही. इंजिन बंद करण्याची दांडी मोडली. ‘रडर’खालची घसरपट्टी तडकली. हा रडर म्हणजे शेपटीचे सुकाणू नव्हे. यंत्राच्या पुढे बसवलेल्या आणि नाक वरखाली करणाऱ्या पृष्ठांना दोघे भाऊ त्या काळी रडरच म्हणत.

त्यातले बारा सेकंद पुढे जगभरच्या शालेय पुस्तकांत गेले. ‘सुमारे’ वाटेत गळाला. मोडलेल्या दांडीची तर कोणी दखलही घेतली नाही. हा लेख त्या दांडीबद्दल आहे. ती पेट्रोलची दांडी होती, आणि ‘सुमारे’ हा शब्द रोजनिशीत आला तो बहुधा तिच्यामुळेच, असे मला दाखवायचे आहे. त्यासाठी आधी त्या यंत्रात पेट्रोल टाकीतून सिलिंडरपर्यंत कसे पोहोचत होते, ते कागदांवरून जुळवले पाहिजे.

कागद आणि बखर

इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी अभ्यासकांना एक शिस्त लावली. अस्सल पत्र वेगळे आणि बखर वेगळी. पत्र घटनेच्या दिवशी लिहिले जाते, बखर नंतर, आठवणीवरून, कोणाच्या तरी सांगण्यावरून. बखर टाकून द्यायची नसते, पण पत्राशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर भिंत उभारायची नसते. राइट बंधूंच्या इंजिनाकडे वळताना हीच शिस्त कामाला येते, कारण इथे अस्सल कागद थोडे आहेत आणि सर्वांत तपशीलवार साधन बखरीच्या जातीचे आहे.

ही बखर चार्ली टेलरची. डेटनमधील राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात तो १९०१ च्या जूनमध्ये कारागीर म्हणून लागला. १९०२ च्या डिसेंबरात भावांनी मोटारी बनवणाऱ्या कारखान्यांना पत्रे पाठवून आठ-नऊ अश्वशक्तीचे, १८० पौंडांच्या आतले, थरथर न करणारे इंजिन मागितले होते. मनासारखे कोणाकडून मिळेना, म्हणून ते घरीच करायचे ठरले. लेथ आणि ड्रिल प्रेस यांवरचे सारे काम टेलरने केले. पण त्याने आपली हकिकत सांगितली ती १९४८ च्या डिसेंबरात, कॉलियर्स या साप्ताहिकात. तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता, मधे पंचेचाळीस वर्षे गेली होती, आणि दोघेही भाऊ हयात नव्हते. विल्बर १९१२ मध्ये गेला, ऑर्व्हिल १९४८ च्याच जानेवारीत.

टेलर सांगतो की रीतसर आराखडे काढलेच नाहीत. तिघांपैकी कोणीतरी एखाद्या कपट्यावर भागाचे चित्र काढायचा, आणि टेलर तो कपटा आपल्या कामाच्या मेजासमोर टोचून ठेवायचा. १९०३ च्या इंजिनाचा पूर्ण आराखडा म्हणून पुढे ठेवावा असा कागद त्यातून उरला नाही.

मग प्रत्यक्ष इंजिनाची साक्ष काढावी, तर तीही अखंड नाही. त्याच १७ डिसेंबरला चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याच्या झोताने यंत्र उलथले आणि इंजिनाचे पाय मोडले. हे रोजनिशीतच आहे. १९०६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्याचा क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील मांडले होते, ते परत आले नाहीत. १९१३ च्या मार्चमध्ये डेटनला महापूर आला आणि पेट्यांत भरून ठेवलेले यंत्र पाण्याचिखलात राहिले. १९१६ मध्ये ते प्रदर्शनासाठी पुन्हा जोडले, तेव्हा हरवलेल्या भागांच्या जागी नंतरच्या इंजिनांचे भाग आले. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आज दिसते ते यंत्र म्हणजे जीर्णोद्धार झालेले देऊळ आहे. गाभारा जुना, पण प्रत्येक चिरा मूळचा असे धरता येत नाही.

समकालीन साधनांत भावांच्या रोजनिश्या आणि टिपणवह्या, मित्रांना लिहिलेली पत्रे, वडील बिशप मिल्टन राइट यांची रोजनिशी आणि काचेवरची छायाचित्रे येतात. मधल्या पायरीवर ऑर्व्हिलने डिसेंबर १९१३ मध्ये ‘फ्लाइंग’ मासिकात लिहिलेला लेख आहे. दहा वर्षांनंतरचा असला तरी तो स्वतः कर्त्याचा आणि टिपणवह्या जवळ असताना लिहिलेला. त्यानंतर टेलरची बखर. या सगळ्यांवर यंत्रज्ञाची नजर टाकणारा ग्रंथ म्हणजे लेनर्ड हॉब्जचा १९७१ चा, स्मिथसोनियनने छापलेला अभ्यास. हॉब्ज प्रॅट अँड व्हिटनी या इंजिन कंपनीचा अभियंता होता.

अस्सल कागदही चुकतो, हे इथेच सांगून ठेवतो. त्या दिवशी दुपारी घरी पाठवलेल्या तारेत सर्वांत लांब उड्डाण ५७ सेकंदांचे असल्याचे छापून आले. रोजनिशीत ५९ आहेत. तार त्याच दिवसाची, पण ती तारायंत्रावर बसलेल्या माणसाच्या हातून गेलेली. कागद कोणत्या दिवशीचा हे पाहायचे असतेच, पण तो किती हातांतून आला हेही पाहायचे असते.

डब्यापासून सिलिंडरपर्यंत

टेलरने सांगितलेली पेट्रोलची वाट अशी. दोन पंखांमधल्या एका उभ्या दांड्याला वर, एक गॅलनचा डबा टांगलेला. त्यातून एक नळी खाली इंजिनाकडे. नळीवर तोटी, तीही घरोघरच्या गॅसबत्तीला असते तशी साधी. आजच्या अर्थाने कार्ब्युरेटर नाही. पेट्रोल इंजिनाला लागून असलेल्या एका उथळ कप्प्यात पडायचे, आत येणाऱ्या हवेत मिसळायचे, आणि शेजारच्या सिलिंडरांच्या उष्णतेने त्याची वाफ व्हायची. इंजिन सुरू करताना प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे थेंब हाताने सोडायचे.

ज्यांनी जुनी स्कूटर किंवा मोटारसायकल चालवली आहे त्यांना यातली पहिली निम्मी वाट ओळखीची वाटेल. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, मधे पेट्रोल कॉक. गाडी उभी करताना कॉक बंद, निघताना चालू, आणि आचके द्यायला लागली की रिझर्व्हला. पंप नाही, कारण उंची हाच पंप. राइटच्या यंत्रातही तेच होते, फक्त कार्ब्युरेटरच्या जागी एक गरम कप्पा.

पुढची निम्मी वाट इंजिनाच्या रचनेतून कळते. चार आडवे सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास चार इंच आणि दट्ट्याची धाव चार इंच. धूर बाहेर सोडणारे झडप कॅमने उघडायचे, पण आत घेणारे झडप कशानेही ढकलले जात नव्हते. दट्ट्या मागे सरकला की पोकळीच्या ओढीने ते आपोआप उघडायचे आणि हलक्या स्प्रिंगने मिटायचे. डब्यापासून सिलिंडरपर्यंतची सगळी वाट एकत्र पाहिली तर लक्षात येते की तिच्यात इंजिनाने फिरवलेला एकही भाग नाही. गुरुत्व, उष्णता आणि ओढ या तिघांवर काम भागत होते. मुद्दाम हलवायचा भाग एकच, तो म्हणजे तोटी.

टेलरची ही बखर कितपत धरावी? डब्याच्या मापाचा पडताळा साध्या हिशेबाने घेता येतो. त्या धाटणीचे इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला अर्धा ते एक पौंड पेट्रोल खाते असे धरू. बारा अश्वशक्तीला तासाला सहा ते बारा पौंड, म्हणजे मिनिटाला ४५ ते ९० ग्रॅम. ५९ सेकंदांच्या उड्डाणाला चहाचा एक कप भरेल एवढे पेट्रोल पुरे होते. एक गॅलनाचा डबा त्या दिवसाच्या चारही उड्डाणांना, आधी इंजिन तापवण्यासह, भरपूर झाला असता. आकडा आठवणीतला असला तरी हिशेबात बसतो. म्हणून मी तो टेलरच्या नावावर ठेवतो, रोजनिशीच्या नव्हे.

एका वेगाचे इंजिन

कार्ब्युरेटर नव्हता याचा अर्थ अनेक लेखांत असा लावला जातो की पहिल्याच विमानाला ‘फ्युएल इंजेक्शन’ होते. हे शब्द जपून वापरायला हवेत. इंजेक्शन म्हणजे दाब देऊन, मोजून इंधन आत सोडणे. १९०३ मध्ये दाब होता तो फक्त डब्याच्या उंचीचा, आणि माप होते ते तोटी किती उघडली एवढेच. त्याला ठिबक म्हणणे अधिक खरे.

पण ठिबक पुरे का पडले, हा प्रश्न उरतोच. उत्तर इंजिनाकडून काय हवे होते त्यात आहे. कार्ब्युरेटरची खरी गरज लागते ती वेग बदलत राहणाऱ्या इंजिनाला. रस्त्यावरची मोटार चौकात थांबते, चढावर जोर लावते, उतारावर दम घेते. दर वेळी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण सांभाळावे लागते. राइटच्या यंत्रात उडताना वेग कमीजास्त करायची सोयच नव्हती. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे जमिनीवरच ठरवायचे. एकदा रूळ सोडला की इंजिन एकाच चालीने धावणार. एका चालीला एकच मिश्रण लागते, आणि एका मिश्रणाला एकदा बसवलेली तोटी पुरते.

या साधेपणाची किंमतही होती. ऑर्व्हिलच्या लेखातून कळते की इंजिन सुरू होताच काही क्षण जवळजवळ सोळा अश्वशक्ती देई आणि थोड्याच वेळात बारावर येई. पेट्रोलची वाफ करण्यासाठी जो कप्पा गरम हवा होता, त्यातूनच हवाही येत होती. गरम हवा विरळ होते आणि सिलिंडरमध्ये तिचे वजन कमी भरते. म्हणजे जी उष्णता इंधन पेटण्याजोगे करत होती तीच ताकद चोरत होती. भावांनी ही घट मान्य केली, कारण त्यांची अपेक्षा आठांची होती आणि टिकून राहिले ते बारा.

वडिलांच्या रोजनिशीतली ओळ

इंजिन पहिल्यांदा चालले ते १२ फेब्रुवारी १९०३ ला. दुसऱ्या दिवशी बिशप राइट यांनी आपल्या रोजनिशीत मुलांचे लहान इंजिन दुपारी मोडल्याची त्रोटक नोंद केली. वडिलांना यंत्रातले काही सांगायचे नव्हते. दिवसभरात घरात काय झाले, एवढेच त्यांनी टिपले. म्हणूनच ही ओळ मोलाची. तिच्यात कोणाची बाजू नाही.

कारण इतर साधनांतून कळते. पेट्रोल बेअरिंगांवर ठिबकले, बेअरिंगे जाम झाली, आणि इंजिनाचे धड व चौकट तडकली. पेट्रोल तेलाला धुऊन काढते हे कोणत्याही गॅरेजमधल्या पोऱ्याला ठाऊक असते. ग्रीस लागलेले हात तो पेट्रोलनेच धुतो. तेलाचा पापुद्रा गेला की धातू धातूवर घासतो, तापतो आणि धरतो. अ‍ॅल्युमिनियमचे नवे ओतीव धड एप्रिलमध्ये मिळाले आणि मे महिन्यात इंजिन पुन्हा चालू झाले. एका ठिबकण्यापायी तीन महिने गेले.

त्या धडाच्या धातूबद्दल एक साक्ष फार उशिरा मिळाली. १९९४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात फ्रँक गेल आणि मार्था गुडवे यांनी त्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले. अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे आठ टक्के तांबे होते, आणि ओतल्यावर सावकाश थंड होताना आतल्या आत झालेल्या बदलांनी मिश्रधातू बळकट झाला होता. अशी बळकटी येते हे शास्त्राच्या हाती त्यानंतर काही वर्षांनी लागले. ओतणाऱ्याला ते ठाऊक नव्हते आणि कोणत्या कागदावर लिहिलेलेही नव्हते. पण धातूने नोंद ठेवली होती. कागद संपतात तिथे वस्तूची साक्ष काढता येते ती अशी.

शेवटचा रकाना

यानंतरची अस्सल नोंद १९०५ ची. डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या गायरानावर भाऊ आता फेऱ्या घालत होते. मार्च १९०६ मध्ये अमेरिकेच्या एरो क्लबला त्यांनी एक निवेदन पाठवले. त्यात १९०५ च्या सहा उड्डाणांचा तक्ता आहे. तारीख, अंतर, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात थांबण्याचे कारण.

२६ सप्टेंबर, १८ मिनिटे ९ सेकंद, इंधन संपले. २९ सप्टेंबर, १९ मिनिटे ५५ सेकंद, इंधन संपले. ३० सप्टेंबर, १७ मिनिटे १५ सेकंद, बेअरिंग तापले. ३ ऑक्टोबर, २५ मिनिटे ५ सेकंद, बेअरिंग तापले. ४ ऑक्टोबर, ३३ मिनिटे १७ सेकंद, बेअरिंग तापले. ५ ऑक्टोबर, ३८ मिनिटे ३ सेकंद, चोवीस मैलांहून थोडे अधिक, इंधन संपले.

अंतर आणि वेळ पाहून लोक थक्क झाले, आणि ते योग्यच. माझी नजर मात्र शेवटच्या रकान्यावर राहते. सहापैकी एकही उड्डाण पंख मोडून, तोल जाऊन किंवा वैमानिक चुकून थांबलेले नाही. तीन पेट्रोलने थांबली आणि तीन तेलाने. उडण्याचा प्रश्न सुटला होता. आता प्रश्न द्रव पदार्थ हवे तिथे, हवे तितके पोहोचवण्याचा होता.

तक्त्यातून आणखी एक गोष्ट निघते, ती लिहिलेली नाही. सप्टेंबरात दोनदा अठरा-वीस मिनिटांत पेट्रोल संपले. ३ ऑक्टोबरला मात्र यंत्र पंचवीस मिनिटे उडूनही पेट्रोल संपल्याची तक्रार नाही. आठवड्याभरात इंजिनाची भूक एवढी घटत नसते. तेव्हा २९ सप्टेंबर आणि ३ ऑक्टोबर यांच्या दरम्यान यंत्रावर जास्त पेट्रोल चढू लागले, एवढे या तक्त्यावरून ठामपणे म्हणता येते.

इथेही आकड्यांत मेळ नाही. ५ ऑक्टोबरची वेळ निवेदनात ३८ मिनिटे ३ सेकंद आहे, तर त्याच उड्डाणाची ३९ मिनिटे २३ सेकंद ही वेळही इतिहासग्रंथांत सर्रास येते. दोन घड्याळे, दोन माणसे, मोजणी कुठून कुठवर याबद्दल दोन समजुती. फरक पडायला एवढे पुरते. शेवटच्या रकान्यातले कारण मात्र दोन्हीकडे एकच.

ठिबकापासून पंपापर्यंत

लांब उड्डाणांनी ठिबकाची मर्यादा उघडी पाडली. डबा भरलेला असताना पेट्रोलची पातळी वर असते आणि तोटीतून धार जोरात येते. पातळी उतरली की धार मंदावते. एका मिनिटात हे जाणवत नाही, अर्ध्या तासात जाणवते. इंजिनाची चाल तीच आणि पेट्रोल मात्र कमी कमी. हे कारण भावांनी लिहिले आहे म्हणून मी सांगत नाही, नळीच्या स्वभावावरून सांगतो. पण त्यांनी पुढे काय केले ते या कारणाशी जुळते.

१९०६ नंतरच्या त्यांच्या उभ्या चार सिलिंडरांच्या इंजिनाला पेट्रोलचा लहानसा दातेरी पंप आला. हा पंप इंजिनच फिरवत असे, आणि तो पेट्रोल मोजून थेट हवेच्या वाटेत सोडत असे. ‘इंजेक्शन’ हा शब्द इथे मात्र लागू पडतो. इंजिन एक फेरा मारते तेव्हा ठरावीक हवा ओढते. पंपही त्याच फेऱ्याला बांधलेला, म्हणून तो ठरावीक पेट्रोल देतो. डबा भरलेला असो की तळाला गेलेला, प्रमाण तेच. कार्ब्युरेटर या इंजिनालाही नव्हता. विल्बरने १९०८ मध्ये फ्रान्सला दाखवलेली उड्डाणे याच जातीच्या इंजिनावर झाली.

आज अमेरिकेत हजारो लोक आपल्या गॅरेजमध्ये विमान बांधतात. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेले असले तर तिथले सरकार ते ‘एक्सपरिमेंटल’ वर्गात नोंदवते. राइट बंधूंचे यंत्र याच कुळातले पहिले. आजचे हौशी लोक इंजेक्शनचे इंजिन निवडतात तेव्हा त्यांच्यापुढे जे प्रश्न येतात, ते १९०३ ते १९०६ च्या कागदांत बीजरूपाने सापडतात.

पहिला प्रश्न प्रवाहाचा. तिथल्या नियमांत २०१७ पर्यंत एक जुना दंडक होता, आणि हौशी बांधणारे तो अजूनही पाळतात. उड्डाणाच्या वेळी इंजिनाला लागते त्याच्या १५० टक्के पेट्रोल गुरुत्वाने आले पाहिजे. पंप असेल तर १२५ टक्के पुरे. दोन आकड्यांतला फरक बोलका आहे. उंचीवर विसंबणाऱ्याने जास्त राखून ठेवायचे, कारण नाक वर केले की उंची बदलते आणि टाकी रिकामी होताना पुन्हा बदलते.

दुसरा प्रश्न वाफेचा. राइटच्या गरम कप्प्यात वाफ हवी होती. आजच्या इंजेक्शनला ती नळीत नको असते, कारण पंप द्रव ढकलू शकतो, वाफेवर त्याची पकड बसत नाही. म्हणून पंप टाकीच्या पातळीखाली आणि इंजिनाच्या उष्णतेपासून दूर बसवतात. एकोणीसशे तीनमध्ये जी उष्णता मदतीला घेतली होती, तिलाच आता दाराबाहेर ठेवायचे.

तिसरा प्रश्न परतीचा. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये पंप गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल फिरवत ठेवतो आणि उरलेले टाकीत परत पाठवतो. ते ज्या टाकीतून घेतले तिथेच परत गेले पाहिजे. डावीकडून घेऊन उजवीकडे सोडले, तर डावी टाकी अपेक्षेच्या आधी संपते आणि उजवी भरून तिच्या हवेच्या नळीतून पेट्रोल बाहेर सांडते. म्हणून कॉक दुहेरी लागतो. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वाटा एकाच खटक्यात वळवणारा. शिवाय असले इंजिन विजेच्या पंपावर जगते. पंप बंद म्हणजे इंजिन बंद. म्हणून पंप दोन आणि त्यांना वीज पुरवण्याच्या वाटाही दोन. गुरुत्व मात्र कधी बंद पडत नाही, आणि ठिबकाची ही एक बाजू पुढच्या कोणत्याही यंत्रणेला फुकट मिळाली नाही.

पुन्हा त्या दांडीकडे

आता १७ डिसेंबरकडे परत जाऊ. वैमानिक खालच्या पंखावर पोटावर झोपलेला. यंत्रावर तीन नोंदयंत्रे होती. हवेतून कापलेले अंतर मोजणारे एक, इंजिनाचे फेरे मोजणारे दुसरे, आणि एक थांबघड्याळ. जमिनीवर टेकताच वैमानिकाने पेट्रोलची तोटी बंद करायची होती. ती बंद करणाऱ्या दांडीच्या त्याच हालचालीने ही नोंदयंत्रेही थांबायची होती. इंजिन थांबते तो क्षण आणि मोजणी थांबते तो क्षण एकच व्हावा, अशी ही योजना. इंधनाचा कॉक आणि इतिहासाचे घड्याळ एका दांडीला बांधलेले होते.

पहिले उड्डाण नाक खाली जाऊन वाळूत आदळून संपले. रोजनिशी तीन गोष्टी पाठोपाठ सांगते. घड्याळ वेळेवर थांबले नाही, दांडी मोडली, घसरपट्टी तडकली. पहिल्या दोन गोष्टींचा संबंध ऑर्व्हिल जोडत नाही. त्याला गरजही नव्हती, कारण दांडी कशाची होती हे त्याला माहीत होते. आपल्याला ते पेट्रोलच्या वाटेवरून शोधावे लागले. ते कळले की दोन्ही वाक्ये एकाच घटनेची ठरतात. दांडी मोडली, म्हणून घड्याळ वेळेवर थांबले नाही, म्हणून बारा सेकंदांच्या आधी ‘सुमारे’ आले. हा माझा निष्कर्ष आहे, रोजनिशीचे विधान नव्हे. मात्र त्याच दिवशीच्या पुढच्या नोंदीत त्याला दुजोरा मिळतो. दुरुस्ती करून ११ वाजून २० मिनिटांनी विल्बर उडाला; आणि दुपारी बाराला सुरू झालेल्या चौथ्या उड्डाणाची वेळ रोजनिशीत ५९ सेकंद अशी, कोणतीही सबब न जोडता लिहिलेली आहे.

दहा वर्षांनी लिहिलेल्या लेखात ऑर्व्हिलने पहिल्या उड्डाणाची वेळ सरळ बारा सेकंद दिली. ‘सुमारे’ त्यानेच गाळला. पुढच्या कोणालाही तो शोधण्याचे कारण उरले नाही. पुस्तकांना गोल आकडा हवाच असतो, आणि बारा हा आकडा बहुधा फार चुकीचाही नाही. तरी अस्सल कागदाशी इमान राखायचे तर ‘सुमारे’ परत जागेवर ठेवावा लागतो. त्या एका शब्दात गॅसबत्तीची तोटी आहे, तिला जोडलेली दांडी आहे, आणि ती दांडी दुरुस्त करून वाळूवर पुन्हा यंत्र मांडायला लागलेली पाऊण तासाची खटपट आहे.